खिद्रापूरची एक दिवसाची गाईडेड ट्रिप: गाईड एक नंबर, पण उजेडाचं गणित चुकलं

मागच्या रविवारी आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि बहिणीची दहा वर्षांची पोरगी, कोल्हापुरातनं एक दिवसाच्या गाईडेड ट्रिपनं खिद्रापूरला, तिथलं कोपेश्वराचं जुनं दगडी देऊळ बघायला, जाऊन आलो. माणशी ९५० रुपये, पोरीचे निम्मे, त्यात गाडी, नाश्ता, दुपारचं जेवण आणि गाईड. ट्रिप कुणाची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना फोनवर सांगितल्यात, पोरं चांगली आहेत, ऐकून घेतलं. पण आता कोल्हापुरातनं अशा ट्रिपा नेणारे बरेच झालेत, कुणाबरोबरही गेलात तरी तिथं काय बघायचं आणि आधी काय विचारून घ्यायचं हे कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठल्या नजरेनं बघितलं ते कळेल. मी मूळचा हुपरीचा, चांदीचं काम, घरात तीन पिढ्या पैंजणच. आता गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एकांकडं कारागीर आहे. खिद्रापूरला याआधी दोनदा गेलेलो, एकदा शाळेची सहल आणि एकदा मित्रांबरोबर बाईकवर, आणि दोन्ही वेळा त्या गोल छताखाली उभं राहून वर बघत फोटो काढला आणि अर्ध्या तासात बाहेर. म्हणजे गेलो होतो पण बघितलं नव्हतं. बायको म्हणाली यावेळी समजावून सांगणारं कुणीतरी बरोबर असू दे, म्हणून पैसे भरले, आणि सांगतो, त्या ९५० मधले निम्मे नुसत्या गाईडचे धरले तरी वसूल झाले.

निघायची वेळ आठची, भवानी मंडपापासनं, निघालो साडेआठला. टेम्पो ट्रॅव्हलर, तेरा माणसं. आईचे गुडघे दुखतात हे आधी सांगितलं होतं तरी तिला मागची सीट दिलेली, मग एका कॉलेजच्या पोरानं उठून पुढची दिली. वाटेत मिसळ खायला थांबलो, तिथं पाऊण तास गेला. पुढं नृसिंहवाडी, रविवार असल्यानं दर्शनाची रांग मोठी, तिथं दीड तास. वाडीला जायला माझी काहीच हरकत नाही, आईला तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय बुडवल्याशिवाय चैनच पडत नाही. पण क्रम चुकला. कुरुंदवाडवरनं पुढं उसाच्या फडांतनं, दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागं मागं हळूहळू खिद्रापूरला पोचायला बारा वाजायला आले. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, का ते खाली सांगतो.

गाईड ताई मात्र काय बोलू. पंचविशी-तिशीच्या असतील, मूर्तिशास्त्र शिकलेल्या, आवाज शांत, हातात माईक नाही, छोटा टॉर्च आणि एक वही. आत जायच्या आधी बाहेरच सगळ्यांना थांबवलं आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, कुठल्याही मूर्तीला हात लावायचा नाही, हाताचं तेल दगडाला लागून लागून तो काळा गुळगुळीत होतो आणि बारीक काम मरतं. दोन, पहिली दहा मिनिटं फोटो नाही, नुसतं बघायचं. मला हे इतकं पटलं, कारण आमच्याकडं नवीन पोरगं कामाला आलं की पहिला आठवडा त्याला हातोडी देतच नाहीत, नुसतं बघ म्हणतात.

स्वर्गमंडप. पूर्वेकडनं आत गेलं की पहिला हाच लागतो, मूळ देवळापासनं जरा सुटा उभा आहे. ४८ खांब. मधोमध छताला गोल मोकळी जागा, साधारण तेरा फुटांची, आणि तिच्या बरोब्बर खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा जमिनीत, तिला रंगशिळा म्हणतात. तिच्याभोवती बारा खांबांचं कडं. वर बघितलं की त्या गोलाच्या काठावर दिक्पाल, म्हणजे दिशांचे राखणदार देव, आपापल्या वाहनांवर बसलेले, आणि त्यांच्यामधनं निळं आभाळ. लोक सांगतात की यज्ञाचा धूर जायला हे भोक ठेवलं. ताईंनी ते सांगितलं आणि लोक असं मानतात एवढंच म्हणाल्या, त्यात स्वतःची भर घातली नाही, हे मला आवडलं. काही गाईड आत्मविश्वासानं काहीपण ठोकून देतात.

आता उजेडाचं. आम्ही आत गेलो तेव्हा उन्हाचा गोल झोत आत आला होता, पण तो शिळेवर नव्हता, उजव्या हाताला, उत्तरेकडच्या खांबांच्या पायथ्याशी सरकलेला. भाचीनं लगेच विचारलं, वरचा गोल आणि खालचा गोल सारखाच आहे तर ऊन बाजूला का पडलंय. ताईंनी वहीत चित्र काढून दाखवलं. आता संक्रांत तोंडावर आलीय, सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, म्हणून झोत उत्तरेकडं पडतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा झोत शिळेवर येतो. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर उलट बाजूला असतो, म्हणून कार्तिकात जेव्हा सूर्य खाली उतरलेला असतो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र उन्हाळ्यातल्या सूर्याच्या वाटेनं वरनं जातो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला डोक्यावर येतो, एखाद्या वर्षी थोडा इकडं एखाद्या वर्षी थोडा तिकडं. म्हणून त्रिपुरी पौर्णिमेला रात्री इथं एवढी गर्दी असते, चांदण्याचा गोल शिळेवर बसतो ते बघायला. मी आजवर ही चंद्राची गोष्ट कितीदा ऐकली असेल पण का हे कुणी सांगितलंच नव्हतं. अंबाबाईचा किरणोत्सव बघत मोठे झालो आपण, मावळतीची किरणं पायापासनं चेहऱ्यापर्यंत चढताना श्वास रोखून बघतो, तेच गणित इथं साठेक किलोमीटरवर चंद्रासाठी जुळतं, हे ऐकून आईनं हात जोडले.

आईचं पुढचं वाक्य मात्र वेगळं होतं. सभामंडप ओलांडून गाभाऱ्यापर्यंत गेली, दर्शन घेतलं, परत आली आणि म्हणाली, "नंदी कुठाय गं पोरी?" आणि खरंच, एवढं मोठं शंकराचं देऊळ आणि समोर नंदीच नाही. मी दोनदा येऊन गेलो, माझ्या लक्षात आलं नव्हतं, आईच्या पाच मिनिटांत आलं कारण ती नंदीच्या शिंगांतनं बघितल्याशिवाय पिंडीचं दर्शन घेतच नाही. मग ताईंनी कथा सांगितली. दक्षाच्या यज्ञाला सती माहेरी निघाली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी इथं नाही, तो नदीपलीकडं कर्नाटकात येडूरला आहे असं मानतात. सतीनं देह टाकला, शंकर कोपले म्हणून कोपेश्वर, आणि त्यांची समजूत घालायला विष्णू आले ते धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही लिंगरूपात, शेजारी शेजारी. आई म्हणाली, "राग आलेल्या माणसापाशी कुणीतरी बसायला पाहिजेच की." ताईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, माझ्यासमोर.

सभामंडपात अंधार आहे, बाहेरच्या उन्हातनं गेलं की काही वेळ काहीच दिसत नाही. बऱ्याच जणांनी मोबाईलचे टॉर्च लावले. ताई म्हणाल्या बंद करा आणि डोळे बसू द्या. दोन-तीन मिनिटांनी खांब हळूहळू पुढं आले. आणि इथं मी अडकलो ते अडकलोच. खांब खाली चौकोनी, मग आठकोनी होतो, मग गोल, आणि त्या गोल भागात एकावर एक कडी, बांगड्या चढवल्यासारखी, मधल्या खाचा इतक्या धारदार की त्यात सावलीची रेघ सुरीनं कापल्यासारखी. त्या काळी असे खांब लेथवर फिरवतात तसे फिरवून तासायचे, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या देवळांची ही खूण, धारवाड-गदगकडं लक्कुंडीला, इटगीला असेच खांब आहेत. कोल्हापूरचे शिलाहार हे त्या चालुक्यांचे मांडलिक, त्यामुळं कारागिरांची जाण्यायेण्याची वाट एकच असणार. पण टनावारी वजनाचा काळा दगड फिरवायचा म्हणजे काय, मी हातभर लांबीची चांदीची नळी फिरवताना ती जराशी हलली तरी कडं वाकडं होतं आणि परत आटणीत टाकावं लागतं. इथं आटणी नाही. एक खाच खोल गेली तर पुढच्या सगळ्या खाचा तिच्या हिशोबानं घ्यायच्या किंवा दगडच बदलायचा. मी एका खांबापाशी खाली बसून खालनं वर खाचांची अंतरं बघत होतो, ताई येऊन म्हणाल्या तुम्ही काय करता, सांगितलं, तर त्यांनी मला विचारायला सुरुवात केली, दागिन्यात ही पद्धत कशी असते म्हणून. गाईड आपल्याला विचारतोय हे मी पहिल्यांदा बघितलं.

मग मी त्यांना कर्नाटकातल्या बेलूर-हळेबीडचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, २०२३ मध्ये ती होयसळांची देवळं जागतिक वारशात गेली त्यानंतर. तिथलं काम बघून परत आल्यावर आपल्याकडचं मला जरा जाड वाटायला लागलं होतं, खरं सांगतो. तिथं मूर्तीच्या गळ्यातल्या हारात मणी सुटे दिसतात, दगडाच्या जाळीमागं बोट जाईल एवढी पोकळी. ताई म्हणाल्या दगड बघा आधी. तिथला दगड मऊ जातीचा, खाणीतनं काढल्यावर नखानं सुद्धा ओरखडा उठेल असा आणि हवा लागत लागत मग कडक होतो, म्हणून त्यात सोनारासारखं काम जमतं. इथला दगड आपल्या सह्याद्रीचा, बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला, पहिल्या घावापासनंच कडक. त्यात एवढी खोली काढणं हीच गोष्ट वेगळी. हे ऐकल्यावर मी परत बाहेर जाऊन तीच भिंत दुसऱ्यांदा बघितली. चांदी आणि पितळ एका मापानं तोलत नाहीत, एवढं तर मला कळायला पाहिजे होतं.

हेमाडपंतीचा मुद्दा पण तिथंच निघाला. आमच्या गाडीतले एक काका सारखे म्हणत होते हे हेमाडपंती देऊळ. आपल्याकडं काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवयच आहे, मी पण म्हणायचो. ताईंनी काकांना दुखवलं नाही, सगळ्यांना दक्षिण दारापाशी नेलं आणि तिथला शिलालेख दाखवला. देवळात डझनभर लेख आहेत, बहुतेक कानडीत, हा एक संस्कृत, देवनागरी लिपीत. यादव राजा सिंघणाचा, शके ११३६ चा, म्हणजे सन १२१३-१४ च्या आसपासचा, कोपेश्वराला गाव दान दिल्याचा. आणि ज्याच्या नावानं हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जे देऊळ १२१३ मध्ये दान घेतंय ते हेमाद्रीचं कसं असेल? काका दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "मग आमच्या गावच्या देवळाचं पण परत बघायला पाहिजे." मला तो क्षण फार आवडला, वाद न घालता दगडच दाखवला.

हे देऊळ साधारण बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या वेळचं. शिलाहारांच्या तीन शाखा, उत्तर कोकणात ठाण्याची, दक्षिण कोकणातली आणि आपली कोल्हापूरची. अंबरनाथचं शिवमंदिर ठाण्याच्या शाखेचं, शके ९८२ चा लेख आहे तिथं. कोल्हापूरवाल्यांचा शेवटचा राजा दुसरा भोज, त्याला याच सिंघणानं हरवलं आणि राज्य संपलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तोच सिंघण हरवलेल्यांच्या देवाला गाव देतो. राजा बदलला तरी दिवाबत्ती थांबली नाही. त्या शिलाहारांच्या बिरुदांत एक होतं, महालक्ष्मीच्या वरप्रसादानं मोठे झालेले. म्हणजे आपली अंबाबाईच. आणि शिलाहार या नावाची जी गोष्ट ताईंनी सांगितली ती मला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती, सगळं आयुष्य कोल्हापुरात काढून. ते स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवायचे. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा ठराव असतो, एका नागाची पाळी येते, त्याची आई रडत असते, आणि जीमूतवाहन त्याच्या जागी स्वतः त्या शिळेवर जाऊन पडतो. शिळेवर आहार, शिलाहार. आणि झेंड्यावर सोनेरी गरुड. भाचीनं विचारलं मग गरुडानं त्याला खाल्लं का, तर ताई म्हणाल्या, खायला लागला, मग कळलं की हा नाग नाही, मग पश्चात्ताप झाला, आणि शेवटी जीमूतवाहन वाचला. परत येताना गाडीत तीन वेळा तीच गोष्ट सांगायला लावली पोरीनं.

हत्तींचं राहिलंच. बाहेरनं देवळाच्या पायाशी सगळीकडनं हत्तींचा थर आहे, गजथर, जणू सगळं देऊळ हत्तींनी पाठीवर उचललंय. प्रत्येक हत्तीची झूल वेगळी, घंटा वेगळ्या, गळ्यातल्या माळा वेगळ्या, आणि त्यांच्यावर देवता बसलेल्या. भाची मोजायला लागली. सत्तरच्या पुढं गेली आणि थांबली, कारण पुढचे बरेच तुटलेले, सोंड नाही, कुणाचं तोंडच नाही. मोठ्यानं ओरडून विचारलं, "तुटलेला हत्ती मोजायचा का?" ताई म्हणाल्या, मोजायचा, तो तिथं होता ना. मग परत पहिल्यापासनं सुरू. नव्वदच्या वर आहेत, पण त्या पोरीचा नेमका आकडा लागायच्या आत जेवणाची शिट्टी झाली. ही दुसरी तक्रार. पोरं मोजत असताना, माणसं बघत असताना शिट्टी वाजवून गोळा करू नका हो. जेवण दहा मिनिटं थांबलं असतं.

भिंतीवर वरच्या थरात सुरसुंदरी आहेत, वाद्यं वाजवणाऱ्या, नाचणाऱ्या, आणि मधनं मधनं पंचतंत्रातल्या गोष्टी पण आहेत. मी फक्त पायांकडं बघत फिरलो. बायकोनं विचारलं पण, वर बघा की जरा. पण मला पैंजण बघायचे होते. एका बाईच्या पायात दुहेरी कडं आहे, त्याच्याखाली लोंबत्या कळ्यांची झालर, आणि कळ्या पावलाच्या वळणाबरोबर एका बाजूला कलल्यात कारण तिनं टाच उचललीय. आज आम्ही झालरीचा पैंजण करतो त्यात कळी अशीच कललेली बसवायला शिकवतात, सरळ लावली तर चालताना अडकते आणि वाजत नाही. माझ्या आज्ज्यानं मला हे पंधराव्या वर्षी शिकवलं. ज्यानं ही मूर्ती घडवली त्यानं कुणाच्यातरी खऱ्या पायातला खरा पैंजण वाजताना बघितला असणार, नुसत्या कल्पनेनं कळी अशी कलत नाही. त्या होयसळांच्याच सोमनाथपूरच्या देवळात मल्लितम्म नावाच्या शिल्पकाराची सही मूर्तीखाली आहे, आमच्यात कसा मालावर शिक्का मारतात तसं. मी इथं पण त्या बाईच्या पायाखाली खूप वेळ सही शोधली, मला दिसली नाही.

आणि म्हणून ती वेळेची तक्रार. कोरीव काम बघायला तिरका उजेड लागतो. आमच्याकडं माल तपासताना दिव्याच्या थेट खाली कधीच धरत नाहीत, बाजूनं धरतात, म्हणजे प्रत्येक खाचेला स्वतःची सावली मिळते आणि चूक लगेच दिसते. हिवाळ्यात सकाळी आठ-नऊला दक्षिणेच्या भिंतीवर ऊन बाजूनं, भिंतीला घासत येणार, त्यावेळी हे काम कसं उठून दिसेल याचा विचार करूनच जीव कासावीस होतो. आम्ही दुपारी बाराला पोचलो तेव्हा ऊन समोरनं आणि वरनं, भिंत सपाट दिसते आणि वर पुढं आलेल्या छज्जाची सावली नेमकी मूर्तींच्या अंगावर. सकाळी सातला निघा, आधी खिद्रापूर, वाडीचं दर्शन आणि जेवण दुपारी. अंतर तेवढंच, डिझेल तेवढंच. मी फोनवर हेच सांगितलं त्यांना. म्हणाले लोकांना सकाळी आधी देवदर्शन लागतं. अहो, खिद्रापूर पण देऊळच आहे की, आत पूजा चालू आहे, आईनं बेल वाहिला तिथं.

जैन मंदिर त्यांनी वेळ नाही म्हणून गाळलं. तिसरी तक्रार. कोपेश्वरापासनं चालत जाण्यासारख्या अंतरावर आदिनाथांची जुनी बस्ती आहे, त्याच धाटणीचं काम. जेवण लवकर आटपून मी आणि तो सीट देणारा पोरगा पळत जाऊन वीस मिनिटांत बघून आलो. शिलाहारांचा गंडरादित्य, त्यानं मिरजेच्या भागात इरुकुडीला तळं बांधलं आणि त्याच्या काठावर शंकर, बुद्ध आणि जिन अशी तिघांची देवळं उभी केली. त्या राजांच्या काळातलं देऊळ दाखवायचं आणि शेजारची बस्ती सोडायची म्हणजे गोष्ट अर्धी सांगितल्यासारखं. प्रोग्राममध्ये लिहिलेलं असताना गाळलं हे बरोबर नाही.

जेवण चांगलं होतं, भरलं वांगं, भाकरी, आमटी, वाडीची बासुंदी. त्याबद्दल तक्रार नाही. येताना कवठाची बर्फी घेतली.

एक गोष्ट ट्रिपवाल्यांची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. आम्ही असताना एका ग्रुपमधला माणूस फोटोसाठी हत्तीच्या पाठीवर चढून बसला, लहान पोरगं नव्हे, चांगला चाळिशीचा. ताईंनी जाऊन हळू आवाजात उतरायला सांगितलं, तो उतरला. पण सांगणारं कुणी नसलं की काय? २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेच्या पुरानं शिरोळ तालुक्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, हा सगळा नदीच्या वळणातला भाग. असे कितीतरी पूर त्या दगडांनी आठशे वर्षं सोसलेत, वर बसलेल्या माणसाचे बूट कशाला सोसायचे.

स्टार विचाराल तर पाचपैकी चार. गाईडला पाच, गाडीला तीन, वेळेच्या नियोजनाला दोन, जेवणाला चार. कुटुंबाला घेऊन जाणार असाल तर वयस्कर माणसांच्या सीटचं आधी लिहून घ्या त्यांच्याकडनं, खिद्रापूरला किती वाजता पोचणार ते विचारा, आणि जैन मंदिर आहे की नाही ते विचारा. देवळाला तिकीट नाही. उन्हाळ्यात दुपारी अनवाणी फिरायचं तर फरशी तापते, मोजे बरोबर ठेवा. पाण्याची बाटली गाडीत मिळते.

मी परत जाणार आहे, बहुतेक फेब्रुवारीत, यावेळी स्वतःच्या गाडीनं पहाटे निघून, आणि ताईंना वेगळे पैसे देऊन बरोबर घेणार, त्या हो म्हणाल्यात. तो दुहेरी कड्याचा पैंजण मी वहीत उतरवून घेतलाय आणि साच्याशिवाय, हातानं एक जोड करून बघायला घेतलाय. अडचण एवढीच की माझ्या फोटोत डाव्या पावलाजवळ छज्जाची सावली आलीय आणि शेवटच्या तीन कळ्या दिसतच नाहीत. कुणाकडं दक्षिणेच्या भिंतीचे सकाळच्या उन्हातले, पायापर्यंत स्पष्ट आलेले फोटो असतील तर खाली टाका.